डावीकडे वळलेलं टोक

आमच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, काचेच्या फ्रेममध्ये एका किड्याचं गुप्तांग टांगलेलं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ते निरखून बघतो आणि म्हणतो, "वा! फुलदाणी सुरेख काढलीय हं." सासूबाईंनी माझ्या गठ्ठ्यातून स्वतःला आवडलेलं चित्र उचललं आणि मी ऑफिसातून यायच्या आत फ्रेम करून, खिळा ठोकून मोकळ्या झाल्या. ते काय आहे हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माघार घेतील तर त्या सासूबाई कसल्या! म्हणाल्या, "लोकांना फुलदाणी वाटतेय ना? मग आहे ती फुलदाणी. तू कशाला तोंड उघडतेस?"

तर मी असली चित्रं काढते. एका संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, किड्यांच्या विभागात. सत्तावीस वर्षं झाली. पुढच्या इमारतीत हत्तीचा सांगाडा आहे, तिथे शाळांच्या रांगा लागतात. आमच्याकडे येतो तो फक्त पंखा दुरुस्त करणारा. खोलीत चौदा कपाटं, कपाटांत खण, खणांत टाचणीला टोचलेले किडे, आणि खिडकीपाशी माझं टेबल. डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या केसांतून रविवारीही जात नाही, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येतो, ते मी कधी काढत नाही.

माझं खास काम म्हणजे ढालकिडे. लेडीबग म्हणा, लेडीबर्ड म्हणा, तेच ते. लहान मुलं बोटावर घेऊन फुंकर मारतात ना, तो लाल, ठिपक्यांचा. दिसायला गोजिरवाणा, पण मावा आणि पिठ्या ढेकूण असे फडशा पाडून खातो की बागवाले त्याला डोक्यावर घ्यायला तयार असतात. आता उष्ण हवेच्या देशांत याच्या इतक्या जाती आहेत की विचारू नका. काळ्या, पिवळ्या, नारिंगी, केसाळ, तुळतुळीत. काही तर मसुराच्या अर्ध्या डाळीएवढ्या.

आणि लोक ओळखतात कशावरून? ठिपक्यांवरून! आमच्या साहेबांचं डोकं इथेच फिरतं. "ठिपक्यांवर जाऊ नका," हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणतात, म्हणून मागे सगळे त्यांना "ठिपके" म्हणतात. म्हणणं मात्र त्यांचं सोळा आणे खरं आहे. एकाच जातीतल्या एकाला नऊ ठिपके, त्याच्या सख्ख्या भावाला दोन, आणि तिसरा काळा ठिक्कर. उलट दोन अगदी वेगळ्या जाती शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. पाठीवरची ती चकचकीत झाकणं म्हणजे पुढचे पंख. उडायचे पंख खाली घडी घालून ठेवलेले असतात. मिशा आखूड, टोकाला जाड. पावलाला पेरं चार, पण तिसरं इतकं बारीक आणि दडलेलं की कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान तीनच मोजत होते. हे सगळं मी काढते. पण जात ठरते ती शेवटी नराच्या पोटात.

म्हणजे असं की किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, वाकवलेल्या टाचणीने पोटाचं टोक उघडायचं, आतला तो अवयव काढायचा आणि क्षारात ठेवून स्वच्छ, आरपार दिसेल असा करायचा. मधे एक चपटी पट्टी, दोन बाजूंना दोन केसाळ दांडे, आणि एक लांब बाकदार नळी. प्रत्येक जातीत याचा घाट वेगळा. मधल्या पट्टीचं टोक कुठे सरळ, कुठे दुभंगलेलं, कुठे एका बाजूला वळलेलं. हा घाट जुळला की जात जुळली, नाही जुळला की नाही. पंखांवर काय वाटेल ती नक्षी असो.

मागच्या वर्षी एका फळबागेच्या संशोधन केंद्रातून आमच्याकडे काचेच्या नळ्यांचा खोका आला. त्यांच्या बागेत पिठ्या ढेकूण खाणारे काळे ढालकिडे निघाले होते, पाठीवर दोन नारिंगी डाग, तेही मधे जोडलेले. साहेबांना पहिल्यांदा वाटलं, ही आपली जुनीच जात. आमच्या विभागाने सत्तावीस वर्षांपूर्वी एक पुस्तक काढलं होतं, त्यात ती आहे. प्लेट नंबर चार, म्हणजे पुस्तकातलं चौथं पानभर चित्र. मी नोकरीला लागल्यावर काढलेली पहिली प्लेट. खरं सांगते, त्या प्लेटवर मी आजवर जगले. परदेशातून पत्रं आली होती की ही चित्रकार कोण म्हणून. लोक त्या जातीचा किडा न बघता माझी प्लेट बघायचे.

साहेबांनी बागेतला एक नर उघडला. मधल्या पट्टीचं टोक डावीकडे वळलेलं. प्लेटमध्ये उजवीकडे. दुसरा उघडला, तोही डावीकडे. असे सहा उघडले, सहाच्या सहा डावखुरे. साहेब खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. पन्नाशी उलटलेला माणूस, दुपारी डबा विसरतो असा, चक्क हात चोळत होता.

"बाई, ही नवी जात आहे."

मी म्हटलं, "जुन्यातला एखादा नर उघडून ताडून बघायचा का?"

"जुन्यात राहिल्यात तीन माद्या. नर एकच होता, त्याची स्लाइड केली, आणि तिच्यावरूनच तर तुम्ही प्लेट काढलीत. तुमची प्लेट समोर असताना आणखी काय ताडायचं?"

आता सांगा, असं कुणी म्हटल्यावर कोण हरभऱ्याच्या झाडावर चढणार नाही? मी तर शेंड्यावर जाऊन बसले. आणि वर आणखी साहेब म्हणाले, "या जातीला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय मी."

"काहीतरीच काय, साहेब!" मी म्हटलं. तोंडाने. आतून मला इतका आनंद झाला होता की पेन्सिलीला टोक काढता काढता ती अर्धी संपवली. सत्तावीस वर्षांत अकराशेवर प्लेटा काढल्या. जातींना नावं मिळाली ती साहेबांच्या गुरूंची, गुरूंच्या मित्रांची, एका देणगीदाराच्या मुलीची, आणि एकदा तर एका बोटीची. माझं नाव कधी कुणाला सुचलं नव्हतं. साहेबांनी ते कागदावर लिहून दाखवलं, माझ्या नावाला लॅटिन शेपूट लावून. कसं दिसत होतं ते आता सांगण्यात अर्थ नाही. पण फार छान दिसत होतं.

घरी सांगितलं, आणि तीच चूक झाली. सासूबाईंनी औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं, भाच्याला फोन करून सांगितलं, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला थांबवून सांगितलं. "आमच्या सुनेच्या नावाचा प्राणी निघालाय."

"आई, अहो, अजून छापून आलं नाहीये. बाजारात तुरी..."

"येईल की! तुमचे ठिपके कुठे पळून चाललेत?"

शोधनिबंध शुक्रवारी धाडायचा होता. फक्त एक प्लेट राहिली होती: डावीकडे जुन्या जातीचं टोक, उजवीकडे नव्या जातीचं, म्हणजे फरक एका नजरेत दिसावा. नव्याचं चित्र झालं होतं. जुन्याचं माझ्याच प्लेट नंबर चारवरून उतरवायचं होतं. बुधवारी संध्याकाळी मी ते घरी घेऊन बसले. समोर सासूबाई मशीनवर. त्यांनी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेत, आता हौस म्हणून नातलगांचे कोट शिवतात.

अचानक मशीन थांबलं आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गं! कागद पालथा घालायचा राहिला." त्यांनी एक बाही उचलून उजव्या खांद्याला लावून दाखवली. "बघ, कशीही फिरव. वर कर, खाली कर, बसायची नाही. पालथीच केली पाहिजे, आणि पालथी केली की कापडाची उलटी बाजू बाहेर येते."

मी हसले. दोन रेघा मारल्या. आणि मग ती बाही त्यांच्या हातातून घेऊन पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

त्याचं असं आहे. मायक्रोस्कोपमधून सगळं उलटं दिसतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. वरचं खाली, डावं उजवीकडे. त्याचं काही वाटत नाही, कागद अर्धा फिरवला की सगळं जागेवर येतं. पण काचच पालथी ठेवलेली असेल तर? मग कागद कितीही फिरवा, डावं ते उजवंच राहणार. अवयव आरपार दिसणारा, काच पातळ; भिंग कमी ताकदीचं असेल तर पालथ्या काचेतूनही स्वच्छ दिसतं. कळायचं नाही. रात्रभर मी स्वतःला समजावलं की असलं काही झालेलं नाही. मी काय इतकी बावळट होते का?

गुरुवारी सकाळी साहेबांच्या आधी पोचले. तिसरं कपाट उघडलं, स्लाइडची पेटी काढली. जाड काच, तिच्या मधोमध डिंकात बसवलेला तो अवयव, त्यावर नखाएवढी पातळ काच झाकलेली, आणि कडेला लेबल. लेबल वाचता येईल अशी स्लाइड धरली. वरून बोट फिरवलं. गुळगुळीत. खालून बोट फिरवलं. पातळ काचेची कड बोटाला लागली.

लेबल चुकीच्या बाजूला चिकटवलं होतं. ते वर ठेवून बघितलं की स्लाइड पालथी. आणि लेबलवरचं अक्षर वळणदार, प्रत्येक टिंब जागच्या जागी, नव्या नोकरीतलं. माझंच. पहिल्या आठवड्यात मला लेबलं चिकटवायलाच बसवलं होतं.

स्लाइड सरळ करून बघितली. टोक डावीकडे.

म्हणजे बागेतला किडा नवा नव्हता. तो आमचा जुनाच होता. नवी होती ती माझी चूक, आणि तीही सत्तावीस वर्षांची.

खोटं कशाला बोलू, मी स्लाइड परत पेटीत ठेवली. पेटी कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं आणि चहा करून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या पेटीला गेल्या पंचवीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता, पुढच्या पंचवीस वर्षांत लावणार नव्हतं. साहेब खूश, बागवाले खूश, सासूबाई तर काय विचारता! एका किड्याच्या दोन जाती झाल्या तर कुणाचं काय जातंय? किडे काही तक्रार घेऊन येत नाहीत. असं सगळं मी त्या चहाबरोबर स्वतःला पाजलं.

मग प्लेट पुरी करायला बसले. जुन्या चित्राचं टोक शाईने उजवीकडे वळवायचं, एवढंच राहिलं होतं. एक रेघ. अशा रेघा मी झोपेत मारते. शाईत पेन बुडवलं, कागदापाशी नेलं, आणि हात पुढे जाईना. पहिल्यांदा काढलं तेव्हा मला तसं दिसलं होतं हो. आता मला ठाऊक होतं की तसं नाहीये. पेनवरची शाई वाळली. पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळली. तिसऱ्यांदा मी त्या पेनलाच एक शिवी हासडली आणि उठले.

साहेब आपल्या टेबलावर निबंधाचं शीर्षक वाचत होते. स्वतःशीच, ओठ हलवत. मी स्लाइड त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, खालून बोट फिरवा."

त्यांनी फिरवलं. मायक्रोस्कोपखाली लेबल वर धरून बघितली, मग लेबल खाली करून बघितली. मग चष्मा काढून डोळे चोळले. मी उभीच. लेबल कुणी लावलं, प्लेट कशी काढली, सगळं मी घडाघडा सांगून टाकलं. सांगताना आवाज चढला, जशी काही चूक त्यांचीच आहे.

"आणखी कुणाला सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

त्यांनी स्लाइड पुन्हा उचलून लेबल वाचलं. माझ्या मनात येऊन गेलं, आता हा माणूस म्हणतो की मग राहू दे. आणि देवाशपथ सांगते, तो तसं म्हणाला असता तर मी राहू दिलं असतं.

"मग आता सगळ्यांना सांगायला हवं," साहेब म्हणाले. त्यांनी निबंधाचे कागद एकत्र केले, कडा जुळवल्या आणि खालच्या खणात ठेवले. "तीन महिने फुकट गेले म्हणायचे. चूक माझीही आहेच, बाई. दिवसभर लोकांना सांगत फिरतो, ठिपक्यांवर जाऊ नका, किडा उघडून बघा. आणि मी स्वतः तुमच्या प्लेटवर गेलो, पेटी उघडून स्लाइड बघितली नाही."

"सॉरी, साहेब."

"टिपण तुम्ही लिहा. एक पान पुरे."

"मी? अहो, मी चित्रं काढते. मला कुठे लिहिता येतं?"

"जे मला आत्ता सांगितलंत तेच लिहायचं. जरा कमी ओरडून."

घरी मात्र रामायण झालं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट बोलल्या.

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही, पण..."

"मग कशाला बोललीस? मी आता त्या दुकानदाराला काय तोंड दाखवू? एवढी मोठी गोष्ट, आणि हिने स्वतःच्या हाताने धोंडा मारून घेतला पायावर!"

"आई, ते खोटं होतं."

"किड्याला कळणार होतं का?"

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "तुम्ही दोन डाव्या बाह्यांचा कोट दिला असता का कुणाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "कोट लोक घालून बघतात, तुझ्या किड्यांना कोण घालून बघतंय?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या औषधाच्या दुकानातून आल्या आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, "सांगितलं मी त्याला. तांत्रिक अडचण आली म्हटलं." एवढंच. विषय संपला. मला मात्र वाईट वाटत राहिलं. माझ्यासाठी वाटलं त्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त वाटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याबद्दल फुशारकी मारली होती.

टिपण लिहायला मला अकरा दिवस लागले. एक पान! प्लेट नंबर चार पालथ्या स्लाइडवरून काढली गेली आहे, टोक डावीकडे वाचावे, चूक चित्रकाराची. खाली माझं नाव. साहेबांनी एक स्वल्पविराम तेवढा हलवला. चार महिन्यांनी ते छापून आलं. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी "आभारी आहे, नोंद घेतली" असं कळवलं. फळबागवाल्यांनी कळवलं की किडे ढेकूण खातायत, नाव काहीही असो. मग सगळं शांत. मी म्हटलं, चला, सुटलो. एक रेघ इकडची तिकडे झाली होती, जागेवर गेली, कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि मग ते पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार पानी, मी ओळखत नव्हते अशा बाईचं. ती एका शाळेत विज्ञान शिकवते.

वीस वर्षांपूर्वी ती कॉलेजात होती आणि ढालकिड्यांवर प्रकल्प करत होती. तिने आमच्याच त्या काळ्या जातीचा नर उघडला, चित्र काढलं आणि आपल्या सरांना दाखवलं. सरांनी माझी प्लेट पुढे ठेवली. म्हणाले, "हे बघ, टोक उजवीकडे आहे. नीट बघ." तिने पुन्हा बघितलं. पुन्हा डावीकडे. सर म्हणाले, "एवढी मोठी चित्रकार चुकली आणि तू बरोबर, असं म्हणायचंय का तुला?" तिने तिसऱ्यांदा बघितलं, चौथ्यांदा बघितलं. मग खोडरबर घेतलं आणि टोक उजवीकडे वळवलं. तिला चांगले गुण मिळाले.

"त्या दिवसानंतर मी मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला जे दिसायचं त्यावर माझा विश्वासच बसायचा नाही," तिने लिहिलं होतं. "प्रत्येक वेळी वाटायचं, पुस्तकात बघून घ्यावं. असं करून हे काम करता येत नाही. मी विषय बदलला. मला हेच करायचं होतं हो, लहानपणापासून. तुमचं टिपण मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. आधी हसले, मग रडले, सगळे बघत होते. मला तुमचा खूप राग आलाय. टिपण लिहिलंत हे चांगलं केलंत. पण राग आलाय."

ते पत्र मी ऑफिसात वाचलं आणि तशीच बसून राहिले. साहेबांनी विचारलं, काय झालं, तर त्यांच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून रडले. लाज वाटली मला. किती वेळा म्हटलं होतं मी, कुणाचं काय जातंय! एका पोरीला बरोबर दिसत होतं. चार वेळा बरोबर दिसलं. आणि माझ्या सुबक, नीटस, वाखाणलेल्या प्लेटने तिला सांगितलं की तुझे डोळे खोटे. मी गप्प बसले असते तर ती मरेपर्यंत तेच मानत राहिली असती.

उत्तर काय लिहायचं ते सुचेना. क्षमा मागितली, पण वीस वर्षांपुढे तो शब्द अगदीच पोकळ वाटला. शेवटी साहेबांना विचारून मी बागेतला एक नर घेतला, उघडला, स्वच्छ केला आणि ग्लिसरीनच्या बारीक नळीत घातला. सोबत माझ्याकडचा चांगला जाड कागद ठेवला, दोन ताव. आणि लिहिलं: तुमचा राग बरोबर आहे. आमच्या फाइलला या जातीचं चित्र हवंय. तुम्हाला दिसेल तसं काढा. कुठलंही पुस्तक उघडू नका, माझं तर नाहीच.

पाच आठवडे काही आलं नाही. मी रोज टपाल बघायची, साहेब रोज मी टपाल बघते हे बघायचे. सहाव्या आठवड्यात लांब पुठ्ठ्याची नळी आली.

चित्र साधंच होतं. हाताचा सराव सुटलेला कळत होता. छाया जरा गडद झाली होती, उजवीकडच्या दांड्यावरचे केस भराभर मारलेले, आणि मूळ आकार सांगणारी मोजपट्टीची रेघ घालायची तर राहूनच गेली होती. पण मधल्या पट्टीचं टोक एका दमात, न अडखळता, डावीकडे वळवलं होतं. त्या जागी कागदावर खोडरबर फिरल्याची एकसुद्धा खूण नव्हती. मी भिंग लावून बघितलं.

दुसऱ्याच्या चित्रात चूक दिसली की माझा हात थांबत नाही, हे आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे. पेन्सिल उचललीसुद्धा मी. मग खाली ठेवली, प्लेट नंबर चार फाइलमधून काढली आणि त्या शिक्षिकेचं चित्र तिथे होतं तसं लावलं.